बालकांमधील भावनियमन : निरीक्षण व मापन

राग, भीती, निराशा, आनंद इत्यादी भावनांची तीव्रता आणि अवधी परिस्थितीनुसार आवरण्याची किंवा वाढविण्याची मुलांची क्षमता अजमावण्याच्या पद्धती. मानसशास्त्रज्ञ रॉस टॉम्पसन यांच्या १९९४ मधील व्याख्येत आंतरिक प्रक्रियांबरोबर बाह्य प्रक्रियाही येतात. त्यामुळे रडणाऱ्या तान्ह्याला उगी करणारी आईदेखील मापनाच्या कक्षेत येते.

तान्ह्या मुलांसाठी ‘स्थिरमुख’ पद्धती प्रसिद्ध आहे. एडवर्ड ट्रॉनिक व सहकाऱ्यांनी ती १९७८ मध्ये मांडली. बाळाशी खेळत असलेली आई काही वेळ चेहरा निर्विकार ठेवते व नंतर पूर्ववत खेळू लागते. बाळ आधी हसून, हात पुढे करून तिला बोलते करू पाहते; मग नजर वळवते, बोटे चोखते. यांपैकी कोणती कृती केव्हा झाली, हे चित्रफितीवरून नोंदवितात.

‘निराशाजनक भेटवस्तू’ या पद्धतीचे श्रेय काही लेखक कॅरोलिन सार्नी यांना (१९८४), तर काही पॅमेला कोल यांना (१९८६) देतात. सार्नी यांनी शाळकरी मुलांना आधी आवडीची, नंतर त्यांच्या वयाला न शोभणारी वस्तू देऊन त्यांच्या मुद्रा न्याहाळल्या. परीक्षक समोर असताना व नसताना मुद्रेत पडणारा फरक तपासण्यावर कोल यांचा भर होता. मूळ कल्पना सार्नी यांची मानणे अधिक सयुक्तिक दिसते. मात्र नंतरच्या संशोधनात रुळलेल्या मांडणीवर कोल यांची छाप जास्त आहे. मुद्रा आवरली म्हणजे निराशाही ओसरली, असे मात्र या पद्धतीवरून म्हणता येत नाही.

भावना आणि तिचे नियमन वेगळे मोजता येते काय, हा खरा वादाचा विषय होय. जोसेफ कँपोस व सहकाऱ्यांच्या मते (२००४) या दोन प्रक्रिया विलग करता येत नाहीत. याउलट कोल, मार्टिन व डेनिस यांनी त्याच वर्षी असा आग्रह धरला, की भावना उमटल्याचा स्वतंत्र पुरावा आधी मिळवावा आणि त्यानंतर तीत झालेला बदल कालक्रमाने टिपावा. प्रत्यक्ष निरीक्षणासाठी ही भूमिका अधिक उपयुक्त ठरते; कारण शांत बसलेल्या मुलाने राग आवरला, की त्याला राग आलाच नाही, हे एरवी कळत नाही.

मोठ्यांनी भरावयाच्या साधनांत शील्ड्स व सिकेटी यांची २४ विधानांची पडताळासूची (१९९७) बरीच वापरली जाते. हृदयगतीतील श्वसनानुवर्ती (श्वासोच्छ्वासाबरोबर होणारे) चढउतार व लाळेतील कॉर्टिसॉल (ताणाशी निगडित संप्रेरक) ही पूरक मापे होत. स्वनिवेदनाच्या प्रश्नावल्या बहुधा दहा वर्षांपुढील मुलांसाठी असतात.