चेहऱ्याच्या हाडांचे अस्थिभंग

चेहऱ्याच्या सांगाड्यात 14 हाडे आहेत आणि त्यांपैकी खालचा जबडा तेवढा हलतो. मार बसला की ही हाडे बहुधा ठरावीक कमकुवत रेषांवर मोडतात. फ्रेंच शल्यचिकित्सक रने ल फॉर यांनी मृतदेहांच्या डोक्यांवर आघात करून मध्यचेहऱ्यातील अशा तीन रेषा 1901 मध्ये मांडल्या. पहिल्या प्रकारात वरचे दात व टाळूचा भाग सुटा होतो, दुसऱ्यात नाकासह त्रिकोणी तुकडा, तर तिसऱ्यात अख्खा मध्यचेहरा कवटीपासून निखळतो. प्रत्यक्षात मात्र एका बाजूला एक आणि दुसरीकडे दुसरा अशी सरमिसळच जास्त दिसते.

सर्वांत जास्त मोडते ते नाक. खालचा जबडा कमानीसारखा असल्याने मार हनुवटीला बसतो आणि हाड कानापुढच्या सांध्याजवळ तुटते. हनुवटीवर आपटलेल्या मुलाची जखम शिवून त्याला घरी पाठवणे म्हणूनच धोक्याचे आहे. सांध्याजवळची इजा नजरेतून सुटली, तर पुढे तोंड उघडेनासे होते आणि जबड्याची वाढ खुंटू शकते.

दुचाकीचे अपघात, पडणे, मारामारी आणि खेळ ही मुख्य कारणे. अर्धे हेल्मेट डोके झाकते, पण जबडा उघडाच ठेवते. घरात मार खाल्लेली बाई ‘पाय घसरून पडले’ असे सांगते. तपासणाऱ्याने तिला एकटीला, शांतपणे विचारायला हवे.

‘दात पूर्वीसारखे जुळत नाहीत’ ही रुग्णाची तक्रार फार मोलाची असते. गालाचे हाड दबले तरी सुजेमुळे तो खड्डा काही दिवस दिसत नाही. गाल व वरचा ओठ बधिर होणे ही खूण त्याआधी कळते. नाकातून पाण्यासारखा स्राव येत असेल, तर तो मेंदूभोवतीचा द्रव असू शकतो. लहान मुलांत डोळ्याच्या खोबणीचा तळ तडकून स्नायू त्यात अडकतो. डोळा पांढराशुभ्र दिसतो, पण मुलाला वर बघता येत नाही आणि उलट्या होतात. इथे शस्त्रक्रिया लांबवून चालत नाही.

उपचारात आधी श्वास मोकळा करायचा, रक्तस्राव थांबवायचा, मग सीटी स्कॅन. सुश्रुतसंहितेत मोडलेले नाक शलाकेने सरळ करून दोन्ही नाकपुड्यांत दुतोंडी नळ्या बसवायला सांगितले आहे. त्यामुळे हाडाला आधार मिळतो आणि श्वासही चालू राहतो. नाकाच्या पडद्यात रक्त साचले असेल, तर ते तातडीने काढावे लागते, नाहीतर कूर्चा मरून नाक बसते. जबड्यासाठी पूर्वी वरचे-खालचे दात तारेने चार ते सहा आठवडे बांधून ठेवत आणि रुग्ण तेवढे दिवस पातळ पदार्थांवर राही. आता बहुतेकदा तोंडाच्या आतून चीर देऊन टायटॅनियमच्या छोट्या पट्ट्या व स्क्रू बसवतात, म्हणजे तोंड लवकर उघडता येते. तरीही स्क्रू बसवण्याआधी शल्यचिकित्सक दातांची जुळणीच पाहतो, कारण तुकडे जागेवर आले की नाही ते तीच सांगते. हाड सरकले नसेल, तर मऊ अन्न आणि वरचेवर तपासणी एवढ्यावरही भागते.