एमबीएची फी वसूल कधी होते? प्रश्नामागचा इतिहास

भाची नेरुळला राहते, ऐरोलीच्या आयटी पार्कात तीन वर्षं नोकरी करते. हातात महिन्याला ४० हजार येतात. मागच्या रविवारी तिनं वहीचं शेवटचं पान उघडून माझ्यापुढे सरकवलं. डावीकडे सहा संस्थांची नावं, पुढे फी, त्यापुढे ‘ॲव्हरेज पॅकेज’ आणि ‘फी कधी वसूल’ या शेवटच्या रकान्यात नुसतीच प्रश्नचिन्हं. “मामा, यातलं काय परवडेल?” ठाण्याहून आलेले आमचे काका शेजारीच बसले होते. त्यांनी चष्मा वर करून पान वाचलं आणि म्हणाले, “आमच्या वेळी हा शेवटचा रकानाच नव्हता.”

खरंच नव्हता. काका ऐंशीच्या दशकात वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात होते. एमआयडीसी १९६२ साली स्थापन झाली आणि तिची पहिली औद्योगिक वसाहत म्हणजे हीच वागळे इस्टेट. शॉप फ्लोअरवरून वर सरकायचं तर मॅनेजमेंटचं शिक्षण हवं, हे तिथल्या इंजिनीअर मंडळींना तेव्हा कळू लागलं होतं. नोकरी सोडून दोन वर्षं शिकायचं, हे मात्र कुणाच्या डोक्यातही येत नसे. मुंबई विद्यापीठाचे तीन वर्षांचे पार्टटाइम अभ्यासक्रम होते, फायनान्ससाठी एमएफएम, मार्केटिंगसाठी एमएमएम. काका कारखाना सुटला की बसनं स्टेशन गाठत, दादरला गाडी बदलून चर्चगेटला जात आणि रात्री साडेदहाच्या पुढे घरी पोचत. डबा सकाळचाच, दोन कप्प्यांचा. वर्षाची फी महिन्याच्या पगारात भागायची, असं ते सांगतात. पगार चालू, फी किरकोळ. मग वसुलीचा हिशेब मांडायचा तरी कशाला?

दिवसाचे वर्ग होते, तेही महाग नव्हते. देशात १९६१ साली कोलकाता आणि अहमदाबाद इथे पहिली दोन आयआयएम उघडली. कोलकात्याला एमआयटीची मदत होती, अहमदाबादला हार्वर्डची. सरकारी खर्चानं चालणाऱ्या या संस्थांमागे देशाच्या नव्या उद्योगांना व्यवस्थापक मिळावेत हा विचार होता. मुलांनी पुढे मोठे पगार घ्यावेत हा हेतू कुठल्या कागदावर नव्हता, तरी पुढे घडलं तेच, आणि मला त्यात गैर वाटत नाही. मुंबईत १९६३ साली पवईला औद्योगिक अभियांत्रिकी शिकवणारी ‘नीटी’ आली, ती २०२३ मध्ये आयआयएम मुंबई झाली. १९६५ साली विद्यापीठानं स्टॅनफर्डच्या सहकार्यानं चर्चगेटला जमनालाल बजाज इन्स्टिट्यूट काढली. आजही सीईटी, म्हणजे राज्याची प्रवेश परीक्षा, देणाऱ्या पोरांच्या तोंडी ‘बजाज’ हे नाव जवळजवळ सुस्कारा टाकल्यासारखं येतं. कारण सरळ आहे. फी नामांकित खासगी संस्थांच्या मानानं कमी, कंपन्या त्याच. पर्सेंटाइल मात्र नव्व्याण्णवच्या पुढे आणि त्यातही दशांशांची मारामारी.

शेवटच्या रकान्याची खरी सुरुवात १९८३ पासून धरायला हवी. मुख्यमंत्री वसंतदादा पाटलांनी विनाअनुदानित खासगी व्यावसायिक महाविद्यालयांना परवानगी दिली. रोख मुख्यतः इंजिनीअरिंगवर होता, पण दार उघडलं ते सगळ्यांसाठी. अनुदान नाही म्हणजे खर्च फीमधून काढायचा, म्हणजे मुलाच्या बापाच्या खिशातून. इकडे नवी मुंबई वसत होती. ती वसवणारी सरकारी संस्था सिडको १९७० ची. शहर कागदावर आखतानाच शाळा-कॉलेजांचे भूखंड राखून ठेवलेले, आणि संस्थांना ते सवलतीच्या दरानं मिळाले. १९९२ साली मानखुर्दहून लोकल खाडी ओलांडून वाशीला आली. पुढे नेरुळला एसआयईएस, सीबीडीला भारती विद्यापीठ, वाशीला फादर ॲग्नेलचं आवार, खारघरला आयटीएम अशी व्यवस्थापन शिकवणाऱ्या संस्थांची रांगच लागली. ठाण्यात विद्या प्रसारक मंडळाचं बेडेकर इन्स्टिट्यूट होतंच. २००४ च्या अखेरीस ठाणे-वाशी ट्रान्स हार्बर लोकल सुरू झाली आणि ठाण्यातल्या मुलाला नवी मुंबईत, नेरुळच्या मुलीला ठाण्यात शिकायला जाणं सहज झालं. हॉस्टेलचा खर्च वाचतो, ही आपल्या भागाची फार मोठी सवलत आहे. हिशेब मांडताना हीच गोष्ट हमखास विसरली जाते.

फी वाढू लागली तशी भांडणं कोर्टात गेली. १९९३ च्या उन्नीकृष्णन निकालानं निम्म्या जागा ‘फ्री’ आणि निम्म्या ‘पेमेंट’ अशी विभागणी केली. २००२ च्या टी. एम. ए. पै निकालानं ती व्यवस्था मोडीत काढली. २००३ साली कोर्टानं राज्याराज्यांत शुल्क ठरवणाऱ्या समित्या नेमायला लावल्या. महाराष्ट्रात त्यातून शिक्षण शुल्क समिती आली आणि २०१५ च्या कायद्यानं शुल्क नियामक प्राधिकरण. त्यामुळे विद्यापीठाशी संलग्न एमएमएस (मुंबई विद्यापीठाची एमबीएसारखीच पदवी) किंवा एमबीएच्या फीला कुठेतरी तपासणी असते. पीजीडीएमचं तसं नाही. ती विद्यापीठाची पदवी नसून केंद्राच्या तंत्रशिक्षण परिषदेच्या (एआयसीटीई) मान्यतेची पदविका असते आणि फी बहुतांशी संस्थाच ठरवते. भाचीच्या यादीतल्या सहापैकी चार पीजीडीएम निघाल्या. तिला हा फरक माहीत नव्हता, आणि ज्या काउन्सेलरनं यादी दिली त्यानं सांगितलाही नव्हता.

घरोघरी हा विषय पोचला तो २००४ साली. केंद्रीय मंत्री मुरली मनोहर जोशी यांनी आयआयएमची वर्षाची फी दीड लाखावरून ३० हजारांवर आणायचा आदेश काढला. संस्थांनी विरोध केला, सरकार बदललं आणि आदेश बारगळला. तेव्हा एक युक्तिवाद ठाम झाला: ज्याला पुढे एवढा पगार मिळणार, त्यानं कर्ज काढून फी भरावी. चारच वर्षांत, २००८ साली, अहमदाबादची दोन वर्षांची फी साडेअकरा लाखांवर गेली. आता ती २० लाखांच्या पुढे आहे. अहमदाबादला हा युक्तिवाद लागूही पडतो. पंचाईत अशी की तोच आधार घेऊन बाकीच्यांनीही फी वाढवली, आणि त्यांच्या दारात त्या पगाराच्या कंपन्या आल्याच नाहीत. २००८ च्या मंदीत तर मोठ्या संस्थांनाही प्लेसमेंट जड गेलं.

कर्जाची सोय तोवर झाली होती. बँकांच्या संघटनेनं २००१ साली शैक्षणिक कर्जाची आदर्श योजना आणली. तेव्हा देशातल्या शिक्षणासाठी साडेसात लाखांपर्यंत कर्ज होतं, चार लाखांपर्यंत तारण नाही. २०१५ पासून केंद्राच्या हमी निधीमुळे साडेसात लाखांपर्यंतचं कर्जही विनातारण मिळू लागलं. शिकत असताना हप्ता नाही, हे ऐकून सगळे खूश होतात. पण व्याज काही थांबत नाही.

म्हणून त्या वहीच्या पानावर मी एक नवीन ओळ ओढली. समजा १२ लाखांचं कर्ज, १० टक्के दर, दोन वर्षांत दोन हप्त्यांत उचललेलं. परतफेड सुरू होईपर्यंत सरळ व्याज अडीच लाखांच्या जवळ जातं. मग सात वर्षांच्या मुदतीवर मासिक हप्ता बसतो सुमारे २४ हजार. नोकरी सोडल्यामुळे दोन वर्षांचे ९ लाख ६० हजार बुडाले ते वेगळे. आता पलीकडची बाजू. नऊ लाखांचं पॅकेज म्हणजे महिन्याला ७५ हजार नव्हेत. त्यात पीएफचा कंपनीचा वाटा असतो, ग्रॅच्युइटी असते, कामगिरीवर ठरणारा व्हेरिएबल असतो. हातात ६० हजार आले तरी खूप. हप्ता गेल्यावर उरतात ३६. आणि ती ऐरोलीत टिकली असती तर एव्हाना पगार ४० वर थांबला नसता. म्हणजे पहिली काही वर्षं ती आजच्यापेक्षा तंगीत असणार, फायदा दिसलाच तर त्यानंतर. काकांनी आकडा पाहिला आणि म्हणाले, “मग हिला लग्नही कर्ज फिटल्यावरच करायचंय का?” यावर कुणी काही बोललं नाही.

‘ॲव्हरेज’ हा शब्द तर सगळ्यात लबाड. साठ जणांच्या वर्गात दोघांना परदेशी पोस्टिंग मिळालं की सरासरी टुणकन वर जाते. २०११ च्या सुमारास आयआयएम अहमदाबादच्या पुढाकारानं प्लेसमेंटचे आकडे एकाच साच्यात द्यायचे निकष आले. निश्चित पगार वेगळा, एकदाच मिळणारा बोनस वेगळा, व्हेरिएबल वेगळा. २०१६ पासून केंद्राची एनआयआरएफ क्रमवारी संस्थांकडून मध्यक पगार मागते, म्हणजे रांगेत मधोमध उभ्या असलेल्या मुलाचा. भाचीला म्हटलं, ॲव्हरेजचा रकाना खोडून हा लिही. दोन संस्थांचे आकडे आठ लाखांवरून साडेपाच लाखांवर उतरले.

तिच्या पानावर आणखी एक गोष्ट नव्हती. घरचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल आणि प्रवेश कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, असेल तर राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीत शिक्षण शुल्काची अर्धी रक्कम सरकार भरतं. २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी मुलींसाठी, त्याच उत्पन्न मर्यादेत, व्यावसायिक अभ्यासक्रमांचं हे शुल्क पूर्ण माफ झालं आहे. संस्था स्वतः भरते त्या मॅनेजमेंट कोट्यातून गेलं की दोन्ही हातचं जातं. आमच्या मेहुण्यांचं उत्पन्न त्या रेषेच्या अगदी आसपास आहे, तेव्हा आधी तहसील कार्यालयातून उत्पन्नाचा दाखला काढायचं ठरलं.

निघताना काकांनी विचारलं, “ते संध्याकाळचे वर्ग बंद झाले का गं?” तिनं पान उलटून कोऱ्या बाजूला लिहून घेतलं: पार्टटाइम, चौकशी करणे.