‘बाई नको’ आणि ‘बाईला जमणार नाही’

आरक्षणातून निवडून आलेल्या बाईला नाकं मुरडली जातात, त्यात दोन निराळ्या भावना मिसळलेल्या असतात. एक नावड : पुढारपण हे बाईचं कामच नव्हे. दुसरी शंका : काम असेल बाईचं, पण हिला झेपणार नाही. दोन्ही एका दमात बोलल्या जातात, म्हणून आपण त्या एकच धरतो.

पश्चिम बंगालमधल्या एका अभ्यासाने त्या सुट्या करून पाहिल्या. अर्थतज्ज्ञ एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा हा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. तिथे ग्रामपंचायतीचं प्रधानपद, म्हणजे आपल्याकडचं सरपंचपद, आळीपाळीने महिलांसाठी राखीव होतं. गावकऱ्यांना प्रधानाचं भाषण ऐकवलं. मजकूर तोच, पण कुणाला पुरुषाच्या आवाजात, कुणाला बाईच्या. जिथे पद कधीच राखीव नव्हतं, तिथल्या पुरुषांनी बाईच्या आवाजाला कमी गुण दिले. राखीव राहिलेल्या गावांत ही तफावत मिटलेली दिसली. मात्र प्रधान म्हणून पुरुष बरा की बाई, असं थेट विचारल्यावर पुरुषांचा कल दोन्हीकडे पुरुषाकडेच! शंका गेली, नावड राहिली.

शंकाही पहिल्या खेपेला जात नाही. काम पुरुषांच्या तोडीचं असूनही पहिल्या महिला प्रधानांना लोकांनी कमीच लेखलं. डुफ्लोंच्याच आणखी एका पाहणीत तर बाई प्रमुख असलेल्या गावांत सोयी जास्त आणि लाच कमी द्यावी लागत होती, तरी लोक नाराज.

मग नावड असताना मतं मिळतात कशी? मुंबई महापालिकेत महिलांसाठी राखीव असलेले प्रभाग पुढच्या निवडणुकीत खुले झाले, तेव्हा तिथे बाई निवडून येण्याची शक्यता इतर खुल्या प्रभागांच्या सुमारे पाचपट निघाली. मत देताना आवडीपेक्षा अनुभव वरचढ ठरतो, असं मला वाटतं. शिवाय बाई जिंकू शकते हे पक्षांनाही कळतं, आणि तिकिटं तेच वाटतात.

‘कारभार नवराच बघतो’ हा टोमणा शंकेच्या खात्यातला. कधी तो खराही असतो. पण तो खोडता येतो, ग्रामसभेत स्वतः उत्तरं देऊन. नावडीला पुरावा लागतच नाही. म्हणून ‘बाई पुढारी चालेल का?’ एवढंच विचारून आरक्षण फसलं म्हणणाऱ्या पाहण्यांवर माझा फारसा विश्वास नाही. खरी अडचण आरक्षण ठरवणाऱ्या सोडतीची आहे : बाईचं काम लोकांना पटू लागतं तोवर तिच्या प्रभागाचं आरक्षण बदलतं, आणि खुल्या जागेवर पक्ष तिला पुन्हा तिकीट देईलच असं नाही.