सालाखालची खूण: चिल्लरमधले वेगळे प्रकार आले कुठून

ठाणे स्टेशनाबाहेर शेअर रिक्षात किंवा जांभळी नाक्याच्या बाजारात परत मिळालेली चिल्लर तपासली, तर बऱ्याच नाण्यांवर सालाच्या बरोबर खाली बारीक डायमंड दिसतो. ही मुंबई टांकसाळीची खूण. टांकसाळ फोर्टात आणि रिझर्व्ह बँकेचं इश्यू ऑफिस (जिथून चलन बाहेर पडतं) बेलापुरात, त्यामुळे या पट्ट्यात डायमंडचं नवल नाही. इथे स्टार किंवा डॉट मिळाला की नवखा संग्राहक हरखतो. पण स्टार म्हणजे हैदराबाद आणि डॉट म्हणजे नोएडा, एवढंच. कोलकाता तर खूणच टाकत नाही. आपल्याकडे कमी दिसतं ते देशात दुर्मीळ असेलच असं नाही, आणि बहुतेक गल्लत इथेच होते.

१ एप्रिल १९५७ला रुपयाचे १०० नये पैसे झाले (त्याआधी १६ आणे, म्हणजे ६४ पैसे). जून १९६४मध्ये ‘नये’ गळलं. नाण्यांची मागणी मात्र वाढतच गेली आणि ऐंशीच्या दशकात सुट्या पैशांची टंचाई इतकी झाली की दुकानदार सर्रास गोळ्या-चॉकलेटं हातावर टेकवायचे. नोएडाची टांकसाळ सुरू झाली १९८८मध्ये. त्याआधीच सरकारने परदेशातून नाणी पाडून आणली होती. पुढे नव्वदच्या दशकाच्या अखेरीस हाच उपाय पुन्हा करावा लागला. आज चिल्लर चाळताना भेटणारे बरेचसे ‘वेगळे’ प्रकार या दोन टंचाईंची देणगी आहेत.

१९८५चा तांबं-निकेलचा रुपया घ्या: २६ मिमी, ६ ग्रॅम. सालाखाली इंग्रजी एच असेल तर तो बर्मिंगहॅमच्या हीटन टांकसाळीचा. डायमंड असेल तर घाई करू नका, आधी जागा बघा. डायमंड सालाखाली मधोमध असला तर मुंबई. पहिल्या आकड्याच्या, म्हणजे १च्या खाली सरकलेला असला तर वेल्समधल्या लँट्रिसंटची रॉयल मिंट. खूण तीच, फरक फक्त जागेचा. पुढच्या फेरीत मेक्सिकोचा एम (शेजारी वर बारीक वर्तुळ), स्लोव्हाकियातल्या क्रेमनित्साचा एमके आणि पाच रुपयांवर मॉस्कोचा एमएमडी आला. यांतलं कुठलंही मिळालं तर जपून ठेवा, पण लाखाची स्वप्नं पाहू नका. टंचाई भागवायला मागवलेली नाणी मूठभर नसतात.

खूण वाचताना चूक होते ती झिजेमुळे. स्टारचे कोने झिजले की तो डॉट दिसतो. साच्यात वंगण आणि धूळ भरली तर खूण उमटतच नाही आणि हैदराबादचं नाणं कोलकात्याचं वाटतं. दहापट भिंग घ्या, दिवा डोक्यावर न ठेवता बाजूने, तिरपा धरा. उठावाची सावली पडते आणि आकार कळतो. सालही ताडून पाहा: १९८२च्या नाण्यावर नोएडाचा डॉट असू शकत नाही. खूण मुद्दाम घासून काढली असेल तर त्या जागी पृष्ठभागाचा पोत बदललेला दिसतो.

मग वजन आणि धातू. ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा आणि एक लोहचुंबक पुरे. १९९२पासूनचा स्टीलचा रुपया २५ मिमी, ४.८५ ग्रॅम, चुंबकाला चिकटतो. त्याच काळातलं अकरा कोनी दोन रुपयांचं नाणं तांबं-निकेलचं, ६ ग्रॅम, चिकटत नाही. याच्या उलट घडलं तर चकती (ज्यावर छाप पाडतात तो कोरा धातूचा तुकडा) चुकीची असू शकते, आणि तिथे खरी दुर्मिळता सुरू होते.

आमच्या मते टांकसाळीच्या खुणेपेक्षा छपाईच्या चुकाच जास्त पाहण्यासारख्या. भारतीय नाणं वर-खाली दोन बोटांत धरून आडवं फिरवलं की मागची बाजू सरळ दिसली पाहिजे. थोडा कल नेहमीचाच. ९० किंवा १८० अंशांचा फेर मात्र ठेवण्याजोगा. ‘लखी’ म्हणतात त्या प्रकारात आधीचं नाणं साच्याला चिकटून राहतं आणि पुढच्या चकतीवर त्याची उलटी, खोलगट प्रतिमा उमटते. याची नक्कल पक्कडशेगड्यात (व्हाइसमध्ये) दोन नाणी दाबून करतात. खऱ्या लखीची दुसरी बाजू ठसठशीत असते, दाबलेल्याची चेपलेली; शिवाय दाबलेल्यावर मूळ अक्षरांचे अवशेष उलट्या अक्षरांखालून डोकावतात. दहाच्या नाण्याचा गाभा ठोकून काढून उलटा बसवलेले नमुनेही विकले जातात. तिथे गाभा आणि कडं यांच्या सांध्याभोवतीचे ओरखडे शोधा.

वेगळं डिझाइन म्हणजे दुर्मीळ किंवा नकली, हेही खरं नाही. दहाच्या नाण्यावर कुठे दहा रेषा, कुठे पंधरा, म्हणून दुकानदार नाणं नाकारू लागले, तेव्हा जानेवारी २०१८मध्ये रिझर्व्ह बँकेने चौदाही डिझाइनं वैध असल्याचं सांगितलं. पन्नास पैसेही वैध आहेत. २५ पैसे आणि त्याखालची नाणी जून २०११अखेर चलनातून गेली. ‘वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं नाणं, दहा लाख’ असे मेसेज फिरतात, त्यात विकणाऱ्याकडूनच आधी ‘कर’ किंवा ‘कमिशन’ मागतात. जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारात आपलं नाव वापरून पैसे उकळले जातात, असा इशारा रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१मध्ये दिला होता.

नाणं सापडलं की चिंच, लिंबू, पितांबरी काहीही लावू नका. घासलेलं नाणं संग्राहक घेतलं तरी पडत्या भावात घेतो. कडेने धरा, कागदी होल्डरमध्ये ठेवा. मऊ पीव्हीसीच्या पाकिटात तांब्याच्या मिश्रधातूवर हिरवट चिकट थर चढतो, आणि ठाण्या-वाशीच्या पावसाळी दमटपणात तो लवकर चढतो. डब्यात सिलिका जेलची पुडी टाका आणि ओलसर झाली की बदला.