किटवरची एक्स्पायरी कशी ठरते?

आमचे मलेरिया आणि काळ्या आजाराचे रॅपिड किट वापरणाऱ्या लॅबसाठी

पाऊचवर छापलेली तारीख अंदाजाने टाकलेली नसते. पाऊचवरच लिहिलेल्या तापमानात किट ठेवलं, तर त्या तारखेपर्यंत ते थोडेसेच परजीवी असलेलं रक्तही पकडतं, हे आम्ही तपासून पाहिलेलं असतं.

त्यासाठी तीन वेगवेगळ्या लॉटचे (लॉट म्हणजे एका खेपेत बनवलेले किट) किट बाजूला ठेवतो आणि ठरावीक महिन्यांनी त्यातले काही उघडून तपासतो. २४ महिन्यांचा दावा करायचा तर २४ महिने, आणि वर थोडे, थांबावंच लागतं. मधल्या काळात काही किट जास्त उष्णतेत ठेवतो. तापमान १० अंशांनी वाढलं की बिघाडाचा वेग साधारण दुप्पट होतो, असा एक ढोबळ हिशेब आहे. पण मलेरियाच्या पट्टीवरची अँटिबॉडी, म्हणजे रक्तातला परजीवीचा अंश पकडणारा घटक, हे प्रथिन आहे. फार उष्णतेत त्याची घडणच मोडते आणि हा हिशेब कोलमडतो. म्हणून उष्णतेतल्या चाचणीवरून काढलेली मुदत आम्ही तात्पुरतीच मानतो. निदान किट किती टिकतात हे कसं तपासायचं, याबद्दलच्या आयएसओ २३६४० या आंतरराष्ट्रीय मानकाचीही अपेक्षा तीच आहे.

खरा प्रश्न असतो नमुना कोणता घ्यायचा याचा. एका मायक्रोलिटर रक्तात २००० परजीवी असले, तर दमलेलं किटही ठसठशीत रेषा दाखवेल. २०० परजीवी असलेल्या रक्तात मात्र रेषा आधी फिकट होते, मग नाहीशी. त्यामुळे आम्ही दोन्ही नमुने वापरतो, पण निर्णय कमी परजीवी असलेल्या नमुन्यावर घेतो. काळ्या आजाराच्या पट्टीवर अँटिबॉडीऐवजी आरके३९ हे अँटिजेन (परजीवीचं प्रथिन) असतं आणि ते रुग्णाच्या रक्तातल्या अँटिबॉडी पकडतं, म्हणून तिथे कमी अँटिबॉडी असलेलं सिरम (रक्तातला पेशी काढलेला द्रव) घेतो. निरोगी माणसाचा नमुनाही प्रत्येक वेळी लावतोच. जुन्या किटने आजार नसताना रेषा दाखवणं हेही तितकंच वाईट.

एक गोष्ट कळकळीने सांगतो: पट्टीवर आजार दाखवणारी टेस्ट रेषा आणि चाचणी चालली हे दाखवणारी कंट्रोल रेषा असते; कंट्रोल रेषा आली म्हणजे किट चांगलं आहे, असं समजू नका. नमुना पट्टीवरून पुढे सरकला आणि रंगाचे कण त्याच्याबरोबर गेले, एवढंच ती सांगते. टेस्ट रेषेवरची अँटिबॉडी निकामी झाली, तरी कंट्रोल रेषा गडद येऊ शकते, आणि आजारी माणसाला निगेटिव्ह रिपोर्ट मिळतो.

उष्णतेइतकाच दमटपणा घातक. पाऊच आयत्या वेळीच फोडा. थंड जागेतून काढलं असेल तर आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर पट्टीवर दव धरतं. आतल्या सिलिका जेलचा रंग बदललेला असेल तर ते किट वापरू नका. किट गोठू देऊ नका. एका लॉटचा बफर (नमुन्यासोबत टाकायचा द्रव) दुसऱ्या लॉटला लावू नका.

शंका आली तर त्याच लॉटचं एक किट खात्रीच्या, पण कमी परजीवी असलेल्या पॉझिटिव्ह नमुन्यावर लावून बघा. मग लॉट नंबर, साठवणीच्या तापमानाची नोंद आणि पट्टीचा फोटो आम्हाला पाठवा. फोटो मात्र रीडिंगच्या ठरलेल्या वेळेतच काढा. पट्टी वाळताना पुसट रेषा नंतरही उमटू शकते, आणि त्यावरून आम्हाला काही ठरवता येत नाही.