डॉलीवर चढली, पण बसली का?

अमेरिकेत मोटरहोम, म्हणजे चाकांवरचे घर, घेऊन महिनोन्‌महिने भटकणारी कुटुंबे पुष्कळ. पण ३० फुटी घर घेऊन दूध-भाजी आणायला जाता येत नाही, म्हणून मागे एक छोटी गाडी बांधलेली असते. ती ओढून न्यायची एक सोय म्हणजे टो डॉली, दोन चाकांचा ठेंगणा गाडा. गाडीची पुढची चाके त्यावर चढवून पट्ट्यांनी आवळायची. मागची रस्त्यावर फिरत राहतात.

गाडी डॉलीवर बसेल का, असे विचारले की माणूस आधी टेप शोधतो. मोजायला हवेच, पण आरशांसकट रुंदी नव्हे. पुढच्या एका टायरच्या बाहेरच्या कडेपासून दुसऱ्याच्या बाहेरच्या कडेपर्यंतचे अंतर डॉलीच्या मापात असले पाहिजे. बंपर फार खाली असेल तर चढतानाच घासतो. या चुका निदान डोळ्यांना दिसतात.

मला खरी धास्ती वाटते ती न दिसणाऱ्या चुकीची. रस्त्यावर राहिलेली मागची चाके फिरताना गाडीच्या पोटात आणखी काय काय फिरवतात?

फ्रंट-व्हील ड्राइव्ह गाडीत फारसे काही नाही. इंजिनाची ताकद जाते पुढच्या चाकांना, आणि ती तर उचललेली. रिअर-व्हील ड्राइव्हमध्ये मात्र मागची चाके प्रॉपेलर शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणारा लांब दांडा, फिरवतात आणि शाफ्ट गिअरबॉक्सचे आतले भाग फिरवतो. बहुतेक ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये ऑइल खेळवणारा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद म्हणजे पंप बंद. न्यूट्रलमध्ये टाकूनही हे टळत नाही. तासन्‌तास कोरडे फिरणारे भाग तापतात, झिजतात, आणि चालकाला पत्ताही लागत नाही. अशी गाडी न्यायचीच तर शाफ्ट सोडवून न्यावी लागते.

ऑल-व्हील ड्राइव्हमध्ये ताकद चारही चाकांना जाते. तिथे पुढची चाके थांबलेली आणि मागची पळती, ही ओढाताण दोन्हींना जोडणाऱ्या मधल्या कपलिंगवर येते. म्हणून नुसते गाडीचे नाव सांगून भागत नाही. होंडा सीआर-व्ही फ्रंट-व्हील ड्राइव्हमध्येही मिळते आणि ऑल-व्हील ड्राइव्हमध्येही. पहिली डॉलीवर चालते, दुसरी नाही. विजेच्या गाडीत मोटर मागे असेल, तर फिरणारी चाके त्या मोटरचे जनित्र करून टाकतात. तिला चारही चाके उचलणारा ट्रेलरच हवा.

मग वजन. समजा हिचवर, म्हणजे मोटरहोमच्या मागच्या ओढायच्या जोडणीवर, ५,००० पौंड, म्हणजे सुमारे २,२७० किलो असे लिहिले आहे. गाडी १,६०० किलोची, डॉली ३०० किलोची, बेरीज १,९००. चालेल असे वाटते. पण मोटरहोमची स्वतःची भरलेल्या वजनाची मर्यादा २२,००० पौंड आणि सगळा काफिला मिळून २६,००० पौंड असेल, तर मोटरहोम पूर्ण भरल्यावर मागे उरतात फक्त ४,००० पौंड, म्हणजे साधारण १,८१५ किलो. गाडी बसली नाही! दोन आकड्यांतला लहान तोच धरायचा.

निघताना छोट्या गाडीचा हँडब्रेक काढलाय ना, हे दोघांनी पाहावे. मोटरहोमच्या इंजिनापुढे छोट्या गाडीचा अडथळा किरकोळ असतो. मागची चाके फरफटत गेली तरी पुढे जाणवत नाही. चार-पाच किलोमीटरवर थांबून मागच्या चाकांजवळ तळहात न्यावा. धग लागली तर तिथेच थांबावे.