डिस्टोपियन कथासाहित्य

माणसाच्या सुखाच्या किंवा सुरक्षिततेच्या नावाने उभी राहिलेली एखादी काल्पनिक राजवट त्याच माणसाचे खासगी जगणे कशी गिळून टाकते, हे दाखवणाऱ्या कथा-कादंबऱ्यांना डिस्टोपियन साहित्य म्हणतात. ‘यूटोपिया’ म्हणजे आदर्श राज्य; ‘डिस्टोपिया’ हे त्याचे उलटे रूप. टॉमस मोर यांचा ‘यूटोपिया’ १५१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील बेटाची हकिकत सांगणारा राफाएल हा पोर्तुगीज प्रवासी असून, तो कालिकतला पोर्तुगीज गलबते गाठून मायदेशी परततो. पोर्तुगीज सेनानी आल्बुकेर्कने गोवा जिंकून तेव्हा जेमतेम सहा वर्षे झाली होती, ही गोष्ट गोमंतकीय वाचकाने ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

या प्रकाराला इशाऱ्याचे आजचे रूप विसाव्या शतकात आले. पेशाने जहाजबांधणी अभियंते असलेल्या रशियन लेखक येवगेनी झाम्यातिन यांच्या ‘आम्ही’ या कादंबरीत नागरिकांना नावांऐवजी क्रमांक आहेत आणि घरांच्या भिंती काचेच्या आहेत; पडदा ओढायचा तर त्यासाठी सरकारी चिठ्ठी लागते. ही कादंबरी १९२४ मध्ये इंग्रजी अनुवादातून न्यूयॉर्कला प्रसिद्ध झाली, पण लेखकाच्या स्वतःच्या देशात ती छापली जाण्यास १९८८ साल उजाडावे लागले. जॉर्ज ऑर्वेल यांची ‘नाइन्टीन एटी-फोर’ ८ जून १९४९ रोजी निघाली. ऑर्वेल यांचा जन्म बिहारमधील मोतिहारीचा, आणि १९२२ ते १९२७ या काळात त्यांनी ब्रह्मदेशात साम्राज्याच्या पोलीस खात्यात नोकरी केली होती. पाळत ठेवणाऱ्याची बाजू त्यांनी आतून पाहिली होती, हे त्यांच्या कादंबरीचे मर्म समजण्यासाठी यंत्रांच्या वर्णनापेक्षा अधिक उपयोगी पडते.

त्या कादंबरीतील दूरपडदा (टेलिस्क्रीन), म्हणजे घराच्या भिंतीवरचे पाळत ठेवणारे यंत्र, घरातले दृश्य आणि आवाज टिपतो. परंतु तो नेमका केव्हा पाहतो आहे, हे कोणालाच कळत नाही. इंग्रज विचारवंत जेरेमी बेंथम यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस सुचवलेल्या वर्तुळाकार तुरुंगाचे तत्त्वही हेच होते : पहारेकरी सतत पाहत नसला तरी चालेल, कैद्याला तसे वाटत राहिले की पुरे. अशा राज्यात खबऱ्या बाहेरून आणावा लागत नाही. ‘नाइन्टीन एटी-फोर’मध्ये पोटची मुलगीच बापाची तक्रार करते.

गोव्यात ही गोष्ट केवळ पुस्तकी नाही. १५६० मध्ये सुरू झालेले इन्क्विझिशन, म्हणजे धर्मभ्रष्टतेचा तपास करून शिक्षा देणारे कॅथलिक धर्मपीठ, मधला अल्प खंड वगळता, १८१२ पर्यंत टिकले. आपल्यावर आरोप कोणी केला, हे आरोपीला सांगितले जात नसे. १७३६ च्या फर्मानाने धर्मांतरितांच्या घरातील तुळस, त्यांचे धोतर आणि मिठाशिवाय शिजवलेला भातसुद्धा गुन्ह्याच्या कक्षेत आणला. म्हणजे पाळत थेट चुलीपर्यंत पोहोचली होती. मात्र धर्मपीठाची ती सत्ता आणि विसाव्या शतकातील सर्वंकष राज्यसंस्था यांना एकाच मापाने मोजणे इतिहासाला धरून होणार नाही.

विसाव्या शतकातील पोर्तुगालचे हुकूमशहा सालाझार यांच्या राजवटीची तुलना अधिक जवळची ठरते. प्रकाशनापूर्वी मजकूर सेन्सॉरकडे जाई आणि निळ्या पेन्सिलीने खोडला जाई. गोव्यात लग्नपत्रिकाही मंजुरीवाचून छापता येत नसे. १८ जून १९४६ रोजी राममनोहर लोहिया यांनी मडगावात ज्या हक्कासाठी सभा घेतली, तो सभा आणि भाषणाचाच हक्क होता. त्याच वर्षी गोवा मुक्तीचे नेते त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांना लष्करी न्यायालयाने आठ वर्षांची शिक्षा ठोठावली आणि पोर्तुगालमधील पेनिशच्या किल्ल्यात नेऊन ठेवले. १९५५ ते १९६१ या काळात वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी सीमेपलीकडच्या जंगलातून भूमिगत नभोवाणी चालवली. कादंबरीतल्या दूरपडद्याची ही नेमकी उलट बाजू म्हणता येईल, कारण येथे यंत्र राज्यकर्त्यांच्या नव्हे तर प्रजेच्या हाती होते.

सगळ्याच डिस्टोपिया धाकावर उभ्या नसतात. ऑल्डस हक्सले यांच्या १९३२ च्या ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’ या कादंबरीत माणसे गुंगीच्या औषधी गोळ्या आणि करमणूक यांच्या बळावर खुशीने ताब्यात राहतात. जाहिरातींच्या युगाला हा इशारा अधिक लागू पडतो, असे अनेक अभ्यासक मानतात.

ऑर्वेल यांच्या कादंबरीतील सर्वांत खोल कल्पना बहुधा भाषेची आहे. तेथील सत्ता शब्दसंग्रह आटवत नेते, कारण ज्या विचाराला शब्दच उरला नाही, तो मनात आणणेही अवघड होते. १६८४ मध्ये गोव्याच्या व्हाइसरॉयने लोकांना तीन वर्षांत कोकणी सोडून पोर्तुगीज बोलण्याचे फर्मान काढले होते. तरीही कोकणी घराघरांत टिकली. ऑर्वेल यांच्या कादंबरीच्या शेवटी या आटवलेल्या नव्या भाषेविषयी जे परिशिष्ट आहे, ते भूतकाळात आणि साध्या, जुन्या इंग्रजीत लिहिलेले आहे, आणि त्यावरून ती राजवट पुढे कोसळली असावी, असा अर्थ काही वाचक काढतात.